सोडून जाणाऱ्या मुलांचे मत

मागच्या उन्हाळ्यात आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एका मोठ्या कारखान्याचे मनुष्यबळ अधिकारी मुलाखती घ्यायला आले होते. काम आटोपल्यावर चहा घेताना त्यांनी मला मनापासून विचारले, “सर, तुमची मुलं कामाला चांगली आहेत, पण सहा-आठ महिन्यांत सोडून का जातात?” आमच्या भागात सगळे जे उत्तर देतात तेच मी दिले. आजकालच्या मुलांना धीर नाही, मोबाईलने लक्ष उडवले आहे, घरी दोन-चार एकर शेती आहे म्हणून निर्धास्त आहेत, असे काहीतरी. ते उत्तर मी मुलांना न विचारताच दिले होते, आणि ही गोष्ट मला पुढे बोचत राहिली. तेव्हापासून आठवडी बाजारात, बस थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, जिथे जुना विद्यार्थी भेटेल तिथे मी त्याला विचारत आलो की बाबा, तू ती कंपनी का सोडलीस. आणि सोडली नसशील तर तिथे तुला कसे वाटते.

ही मुले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकलेली आहेत आणि बहुतेक जण तिशीच्या आतले आहेत. कंपनीबद्दल त्यांचे मत ठाम आहे आणि त्यामागे विचार आहे. कंपनीत ते मत कुणी विचारत नाही, म्हणून ते नोकरी सोडण्यातून बाहेर पडते. कारखान्याच्या भिंतीवर लिहिलेली मूल्ये कंपनीच्या माणसांसाठी असतात आणि आपल्याला कंपनी आपले माणूस मानतच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते म्हणणे पूर्णपणे खरे वाटते. कंपन्यांनी त्याकडे बेशिस्त म्हणून न पाहता आपल्या कारभारावरचा अभिप्राय म्हणून पाहिले पाहिजे, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या काठाने वणी, घुग्घुस, भद्रावती, राजुरा, कोरपना असा जो पट्टा जातो, त्याच्या पोटात कोळसा आणि चुनखडी आहे आणि पाठीवर कापसाची काळी जमीन आहे. या भागात ‘कंपनी’ हा शब्द कुठल्या एका उद्योगाचे नाव नाही. खाण असो, सिमेंटचा कारखाना असो की वीज केंद्र, सगळ्यांना कंपनीच म्हणतात. आणि तिथे नोकरी मिळाली की ‘पोरगा कंपनीत लागला’ म्हणतात. ‘लागला’ या शब्दात पूर्वी बरेच काही सामावलेले होते. माझ्या वडिलांच्या पिढीत जो लागला तो निवृत्त होईपर्यंत लागला. त्याला क्वार्टर मिळे, मुलांना कंपनीची शाळा मिळे, बायकोच्या बाळंतपणाला कंपनीचा दवाखाना असे. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण 1971 ते 1973 या काळात झाले आणि 1975 मध्ये कोल इंडिया आणि तिची नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपन्या उभ्या राहिल्या. पुढे खाणीत जमीन गेली तरी घरातला एक जण लागला, या हिशेबावर शेकडो कुटुंबांनी आपली शेती सोडली. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी हे सूत्र आजही वापरले जाते. ज्यांची जमीन दोन एकरांपेक्षा कमी होती त्यांचे काय झाले, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

तो काळ फार चांगला होता, असे मला सुचवायचे नाही. धुळीने छातीचे आजार जडलेले निवृत्त कामगार प्रत्येक गावात आहेत आणि साहेबासमोर खुर्चीवर बसायची त्या काळीही कुणाची हिंमत नव्हती. परंतु कंपनी आणि कामगार यांच्यात एक सरळ नाते होते आणि दोघांनाही ते मान्य होते. विदर्भाला या नात्याचा जुना अनुभव आहे. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई देणे सुरू झाले. देशात अपघात भरपाईचा कायदा 1923 मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे ती पावले किती आधी पडली हे कळते. मिलमालक मोठा दानशूर होता म्हणून हे झाले, असा त्याचा अर्थ मी लावत नाही. गावाकडून आलेला कामगार पेरणीला आणि लग्नसराईला परत निघून जाई, गिरणी अर्धी रिकामी पडे, आणि त्याला टिकवायचे तर त्याच्या म्हातारपणाची आणि हातापायांची जबाबदारी घ्यावी लागेल, हे तिथल्या व्यवस्थापनाला उमगले. माणसे टिकत नाहीत ही तक्रार तेव्हाही होती. त्या तक्रारीवर त्यांनी स्वतःच्या वागण्यात बदल केला.

आजची परिस्थिती नेमकी कुठे वेगळी आहे, हे एका मोठ्या आकड्यावरून दिसते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कोल इंडियात सहा लाखांहून अधिक माणसे कामाला होती. आज ती संख्या अडीच लाखांच्या आत आहे आणि कोळशाचे उत्पादन त्या काळाच्या चौपटीच्या आसपास गेले आहे. 2023-24 मध्ये ते 77 कोटी टनांच्या वर होते. भूमिगत खाणी मागे पडून उघड्या खाणी वाढल्या, यंत्रे मोठी झाली, हे त्यामागचे खरे कारण आहेच. पण कोळशावरची माती काढण्याचे, ज्याला सगळे ‘ओबी’ म्हणतात, आणि कोळसा वाहून नेण्याचे बरेचसे काम आता ठेकेदार कंपन्यांची माणसे करतात, हेही तितकेच खरे कारण आहे. सिमेंट आणि वीज उद्योगातही हाच प्रकार आहे. कामगार तेवढे कमी झालेले नाहीत. त्यांतले पुष्कळ जण कंपनीच्या हजेरीपटावरून उतरून ठेकेदाराच्या हजेरीपटावर गेले आहेत. यंत्र तेच, पाळी तीच आणि धूळही तीच आहे.

माझा एक विद्यार्थी हे ज्या शब्दांत बोलला ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, “सर, सालगड्याले तरी एक मालक राह्यते. आमचे तीन हायेत, अन् अडचणीच्या टायमाले एकबी आमचा नाई.” त्याचे आजोबा सालगडी होते. गुढीपाडव्याला साल ठरायचे, धान्य आणि रोकड ठरायची. त्या पद्धतीत कर्जाची बेडी होती आणि माणसाचा अपमान होता, हे तो मुलगा माझ्यापेक्षा जास्त जाणतो. तरीही तुलना करताना त्याला आजोबांची स्थिती एका बाबतीत बरी वाटली, आणि ती बाब म्हणजे कुणाकडे बोट दाखवायचे हे ठाऊक असणे. त्याला काम कंपनीचा इंजिनिअर सांगतो, हजेरी ठेकेदाराचा सुपरवायझर मांडतो आणि पगार त्या ठेकेदाराला माणसे पुरवणारा तिसराच कुणी देतो. पगाराला उशीर झाला की पहिला म्हणतो ठेकेदाराला विचार, दुसरा म्हणतो बिल निघाले नाही, आणि तिसरा फोन उचलत नाही.

मुले सोडून जातात ती पगार कमी म्हणून, असे मलाही वाटत असे. पगाराचा प्रश्न आहे, पण त्यांच्या बोलण्यात तो पहिल्यांदा येत नाही. पहिल्यांदा येतो तो हिशेब. मागच्या पिढीला आपल्या नावाने भविष्य निर्वाह निधीत किती पैसे भरले गेले हे वर्षानुवर्षे कळत नसे. 2014 पासून प्रत्येक सभासदाला एकच कायमचा खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, मिळू लागला आणि आता मुलगा बसमध्ये बसल्याबसल्या मोबाईलवर आपले पासबुक पाहतो. त्याला तिथे दिसते की महिन्यात 26 पाळ्या केल्या आणि निधी भरला तो 14 दिवसांच्या वेतनावर. कधी दिसते की कापून घेतलेले पैसे तीन महिने जमाच झालेले नाहीत. पगार बँकेत आल्यावर ठरलेली रक्कम रोखीने परत मागायला ठेकेदाराचा माणूस येतो, हेही मला एकाहून अधिक मुलांनी वेगवेगळ्या ठिकाणचे म्हणून सांगितले. कंपनीच्या मोठ्या फाटकावर ‘सचोटी’ हा शब्द कोरलेला असतो आणि त्याच फाटकातून आत जाणाऱ्या मुलाच्या खिशातला मोबाईल त्याला खरी स्थिती दाखवतो. अशा मुलाने त्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा कशी करायची? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मुख्य मालकाने ते द्यावे, ही जबाबदारी स्पष्ट लिहिलेली होती. त्यामुळे ‘तो ठेकेदाराचा मामला आहे’ हे उत्तर कायद्यानेही कधीच पुरेसे नव्हते.

यानंतर मुले ज्या विषयावर सर्वांत जास्त बोलली तो विषय सुरक्षेचा आहे. मी स्वतः कार्यशाळेत मुलांच्या हाती वेल्डिंगचा होल्डर देतो, त्यामुळे मला या विषयावर थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो; 1966 मध्ये याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात प्रत्येक कारखान्यात शपथ होते, निबंध आणि चित्रकला स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात. मुलांना ते आवडते आणि त्यातून ती शिकतातही. पाळी सुरू होण्याआधीच्या ‘टूलबॉक्स टॉक’मध्ये काय सांगितले जाते ते त्यांना तोंडपाठ आहे. त्यांची हरकत पुढच्या टप्प्यावर आहे. आमच्या एका वेल्डरने कारखान्यात उंचावरच्या चालण्याच्या मार्गावर जाळीची एक प्लेट सैल झालेली पाहिली. त्याने ठेकेदाराच्या सुपरवायझरला सांगितले, तेव्हा ‘शटडाऊनमध्ये पाहू’, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद असेल तेव्हा पाहू, असे उत्तर आले. दोन दिवसांनी कंपनीचे सुरक्षा अधिकारी पाहणीला आले आणि धोका दिसला तर निःसंकोच सांगा असे म्हणाले. त्याने सांगितले. दुसऱ्याच दिवशी प्लेट पक्की बसवली गेली. तिसऱ्या दिवशी तो फाटकावर कार्ड लावायला गेला तेव्हा त्याचा गेट पास बंद झालेला होता. ठेकेदाराने सांगितले, माणसे जास्त झाली होती. कंपनीतल्या कुणीही त्याला काढलेले नव्हते आणि त्या सुरक्षा अधिकाऱ्यांना तर हे कळलेही नसेल, असे मला खात्रीने वाटते.

ही घटना त्या पाळीतल्या सर्व मुलांनी पाहिली. त्यानंतर तिथे कुणी धोका दाखवला असेल का, याचा विचार कंपनीच्या वरिष्ठांनी करायला हवा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने कामगाराला जवळ आलेल्या धोक्याबद्दल व्यवस्थापनाला सावध करण्याचा हक्क दिला. हा हक्क हजारो मृत्यूंनंतर मिळाला आहे. पण ज्याची नोकरी एका कार्डावर आणि ते कार्ड तिसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याला हा हक्क वापरता येत नाही. परिणामी धोक्याची जी माहिती यंत्राच्या सर्वांत जवळच्या माणसाला असते, तीच वर पोचत नाही. किरकोळ दुखापतींचेही असेच होते. हाताला टाके पडले तर मुलाला गावातल्या खासगी डॉक्टरकडे नेतात, दुसऱ्या दिवशी हजेरी लावून एका जागी बसवून ठेवतात, आणि दुखापतीमुळे वाया गेलेल्या कामाच्या दिवसांच्या नोंदीत शून्य कायम राहते. ‘इतके दिवस विनाअपघात’ असा फलक ज्या कारखान्यात झळकतो, तिथल्या वरिष्ठांना त्या आकड्याचा किती भरवसा वाटत असेल, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. मुलांचा त्यावर भरवसा नाही, कारण त्या आकड्याच्या आत कोणते हात आहेत हे त्यांना नावानिशी माहीत आहे.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत भट्टीच्या आसपास किंवा उघड्या खाणीत काम करणाऱ्याला थंड पाणी आणि सावलीतली विश्रांती मिळणे ही त्याच्या जिवाशी निगडित गोष्ट आहे. इथेही दोन रांगा असतात. अनेक ठिकाणी कंपनीच्या माणसांचे कँटीन वेगळे असते, ठेकेदारीच्या मुलांनी डबा आणायचा आणि शेडच्या कडेला बसून खायचा. हेल्मेटचा रंग वेगळा, बसमध्ये बसायची सोय वेगळी, आणि हाक मारण्याची पद्धतही वेगळी. कायम कामगाराला नावाने आणि ‘भाऊ’ किंवा ‘काका’ म्हणून हाक मारली जाते, तर या मुलांना त्यांच्या ठेकेदाराच्या नावाने ओळखतात. “अमुकवाल्याचा पोट्टा पाठव,” असे सांगितले जाते. डिप्लोमा करून रुजू झालेल्या एका मुलीने मला सांगितले की तिच्या विभागात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह प्रशासकीय इमारतीत आहे आणि तिथे जायला सुपरवायझरला विचारून दहा मिनिटे चालावे लागते, म्हणून ती पाळीत पाणीच कमी पिते. ही मुलगी त्या कारखान्यातील चांगल्या तंत्रज्ञांपैकी एक आहे. ती तिथे किती दिवस राहील हे तिच्या चिकाटीवर ठरावे, हे मला मान्य नाही.

जातीचा उल्लेख मुले क्वचितच करतात, पण ज्यांच्या घरी वेगळ्या ताटवाट्यांची आठवण अजून ताजी आहे, त्यांना वेगळी रांग म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. कोलाम, गोंड, बौद्ध घरांतून आलेली आणि घराण्यात पहिल्यांदाच मशीनला हात लावणारी ही मुले आहेत. कारखान्यात गुणवत्तेवर पारख होईल, हा विश्वास घेऊन ती तिथे जातात.

अप्रेंटिसशिपबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. 1961 च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही आणि प्रशिक्षणानंतर त्याला नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नसते. हे मुलांना आधी सांगितलेले असते, त्यामुळे फसवणूक झाली असे कुणी म्हणत नाही. पण वर्षभर कंपनीचा गणवेश घालून ज्या मशीनवर काम शिकले, त्याच मशीनवर पुढच्या महिन्यात ठेकेदाराचा शर्ट घालून कमी पैशात उभे राहायचे, हा अनुभव त्यांच्या मनात खोल बसतो. आपले कौशल्य कंपनीला हवे आहे आणि आपण नको आहोत, हे त्यांना अगदी पहिल्याच वर्षी कळते.

कंपन्यांची बाजू मी ऐकली आहे आणि तीत तथ्य आहे. सिमेंटच्या बाजारात भाव वर्षभर स्थिर राहत नाहीत, भट्टीच्या वार्षिक दुरुस्तीला थोड्या दिवसांसाठी खूप माणसे लागतात, त्या सगळ्यांना कायम करणे कुठल्याही उद्योगाला परवडणार नाही. हे मला मान्य आहे. सोडून जाणाऱ्यांत काही मुले पोलीस भरतीच्या धावण्याच्या सरावासाठी जातात, काहींना पहाटेची पाळी खरोखर झेपत नाही, हेही मी नाकारत नाही. पण जे काम वर्षाचे बारा महिने, तिन्ही पाळ्यांत चालते आणि ज्याच्याशिवाय कारखाना एक दिवस चालणार नाही, ते ठेकेदाराकडून करून घेण्याला भट्टीच्या दुरुस्तीचे कारण लागू पडत नाही. 1970 च्या कायद्याचा हेतूही असा फरक करण्याचा होता. कायमस्वरूपी कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला त्यात दिलेला होता. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या (सेल) खटल्यात असा निर्णय दिला की पद्धत बंद झाली तरी त्या कामगारांना आपोआप कायम नोकरी मिळणार नाही. त्या दिवसापासून कामगाराने न्यायालयात जाऊन काय मिळवायचे, हा प्रश्न फार अवघड झाला. मुलांना या निकालाचे नाव माहीत नाही, पण ‘कोर्टात गेला तो कामावरून गेला’ हे सर्वांना माहीत आहे.

कामगार संघटनांविषयी मुलांचे मत कंपनीइतकेच कठोर आहे, आणि संघटनेच्या घरात वाढलेल्या मला ते ऐकताना त्रास झाला. कोळसा कामगारांचा अकरावा राष्ट्रीय वेतन करार 2023 मध्ये झाला आणि त्यात 19 टक्के किमान हमी वाढ मिळाली. संघटित ताकदीने हे मिळवले याचा मला अभिमान आहे. ठेकेदारी कामगारांसाठीही कोल इंडियाने किमान वेतनाहून जास्त दर ठरवून दिलेले आहेत. पण ते दर हातात पूर्ण पडतात का, हे पाहायला संघटनेचा कार्यकर्ता किती वेळा ओबीच्या डंपरपर्यंत जातो, असे एका डंपर चालकाने मला विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याहून कटू भाग गावाचा आहे. ठेके कुणाला मिळतात, याकडे आपण डोळेझाक करतो. कारखान्याविरुद्ध आंदोलन उभे करणाऱ्या पुढाऱ्याला किंवा त्याच्या भाच्याला पुढे माणसे पुरवण्याचे काम मिळाले आणि आंदोलन शांत झाले, असे प्रकार या पट्ट्यात लोकांनी पाहिले आहेत. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या हे राज्याचे धोरण आहे आणि ती घोषणा प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. पण स्थानिक मुलाला स्थानिक ठेकेदाराकडे बिनहिशेबी राबवले तर ते धोरण सफल झाले असे म्हणता येईल का? छत्तीसगड, बिहारमधून आलेल्या मुलांविषयी आमच्या मुलांच्या मनात मला फारसा राग आढळला नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या आणि एकाच ठेकेदाराच्या मागे पैशांसाठी फिरणाऱ्या मुलांमध्ये तो टिकत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या आहेत आणि त्यांतल्या काही तरतुदींचे मी मनापासून स्वागत करतो. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावे लागेल. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळेल. आधी त्यासाठी पाच वर्षे लागत. कंत्राटी कामगारांसाठी कँटीन, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह या सोयी मुख्य मालकाने पुरवायच्या आहेत. दुसऱ्या बाजूने, कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 कामगारांवरून 50 वर गेली आहे, आणि प्रत्येकी 45 माणसांचे चार ठेके पाडणे किती सोपे आहे हे आमच्याकडच्या कुठल्याही मुनिमाला विचारावे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम ठेवली आणि कामगाराची संमती आवश्यक मानली. 48 तासांचा आठवडा 1946 च्या कायद्याने आला, आणि ते विधेयक मांडणारे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. जो मुलगा सैल प्लेट दाखवल्यामुळे बाहेर जातो, तो बारा तासांच्या पाळीला नकार देऊ शकेल आणि त्याची संमती खरी संमती असेल, असे मानायला माझे मन तयार नाही.

मोठ्या कंपन्यांनी सगळ्यांना उद्या कायम करावे, अशी माझी मागणी नाही. बारमाही कामावरच्या माणसांशी कंपनीने स्वतः बोलावे, ही मागणी आहे. ठेका बदलला तरी तोच मुलगा त्याच मशीनवर राहणार असेल तर त्याच्या सेवेचा हिशेब कंपनीने ठेवावा. ठेकेदाराचे बिल काढण्याआधी भविष्य निर्वाह निधी भरल्याच्या पावतीशी फाटकावरची हजेरी ताडून पाहावी. फाटकावरचे यंत्र प्रत्येक पाळी नोंदवत असल्यामुळे हे काम एका कारकुनाचे आहे. एखाद्याचा गेट पास बंद होत असेल तर त्याचे कारण लेखी असावे आणि मागच्या महिन्यात त्याने कुठला धोका नोंदवला होता का, हे सुरक्षा विभागाने पाहूनच तो बंद व्हावा. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला कंपनीच्या माणसाने, त्याच्या भाषेत, ठेकेदार समोर नसताना, का जातोस म्हणून विचारावे. अधिकाऱ्यांनी मला विचारलेला प्रश्न मुळात त्याला विचारायचा होता.

आमच्या संस्थेकडूनही चूक झाली आहे. किती मुलांना नोकरी लागली याचा आकडा आम्ही दरवर्षी वर पाठवतो. ती कुणाच्या हजेरीपटावर लागली आणि वर्षभराने कुठे आहेत, हे आम्ही नोंदवत नव्हतो. यंदापासून मी माझ्या ट्रेडपुरती ती वही सुरू केली आहे. येत्या हंगामात कुठल्याही कंपनीने मुलाखतीला बोलावले तर नियुक्तिपत्रावर नाव कुणाचे असेल, हे आधी लेखी मागायचे असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. प्राचार्यांनी त्याला होकार दिला आहे.

ते अधिकारी याही वर्षी येणार आहेत. मी त्यांना जाळीच्या प्लेटची हकीगत सांगेन आणि त्या मुलाला परत घ्याल का, असे विचारेन. तो सध्या चाकणला एका कारखान्यात आहे, खोलीभाडे आणि खानावळ जाऊन त्याच्या हातात फारसे उरत नाही, आणि इकडे त्याची आई एकटीने कपाशी सांभाळते आहे. परत यायला तयार आहेस का, म्हणून मागच्या आठवड्यात मी त्याला फोन केला होता. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “गेट पासवर कंपनीचं नाव असन तं येतो, सर.”